‘नायब’ म्हणजे नेमकं कोण? गझाला हाशमींची जीत आणि मतदार यादीतलं आपलं नाव

गेले काही दिवस आपल्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो फिरतोय. चष्मा लावलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या एका बाईंचा. खाली कुणी लिहितं, ‘हैदराबादची बेटी अमेरिकेत गव्हर्नर झाली’. कुणी थेट ‘अमेरिकेची उपराष्ट्रपती’ करून टाकतं. मुबारकबादीचे गुलाब, टाळ्या, आणि मग पुढचा फॉरवर्ड.

आनंद व्हायलाच हवा, पण बातमी नीट समजून घेऊन. या बाईंचं नाव गझाला हाशमी. त्या अमेरिकेच्या गव्हर्नर नाहीत, कारण गव्हर्नर एकेका राज्याचा असतो. उपराष्ट्रपती तर अजिबात नाहीत. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हर्जिनिया नावाच्या राज्यात निवडणूक झाली आणि त्यात त्या ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ म्हणून निवडून आल्या. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन रीड यांना त्यांनी हरवलं. १७ जानेवारी २०२६ ला त्यांनी शपथ घेतली. अमेरिकेत संपूर्ण राज्याच्या मतदानातून निवडून आलेल्या त्या पहिल्या मुस्लिम महिला आहेत. पुरुषांमध्ये हा मान आधीच मिनेसोटा राज्याच्या कीथ एलिसन यांना मिळालाय. ते २०१८ मध्ये तिथले अ‍ॅटर्नी जनरल म्हणून निवडून आले होते.

ही बातमी वर्गात निघाली तेव्हा नववीतल्या एका मुलीने मला अगदी बरोबर सवाल केला. “मॅडम, दिल्लीचा लेफ्टनंट गव्हर्नर तर सरकार नेमतं. मग तिथे निवडणूक कशी काय?” हा सवाल फक्त तिचा नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. म्हणून हा लेख.

शब्दापासून सुरुवात करू

मराठी वर्तमानपत्रं लेफ्टनंट गव्हर्नरला ‘नायब राज्यपाल’ लिहितात. ‘नायब’ हा आपल्या घरातला शब्द. अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आणि राज्यकारभारातून मराठीत आलेला. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, प्रतिनिधी. याच शब्दापासून ‘नवाब’ हा शब्द झालाय. पनवेलच्या तहसील कचेरीत दाखल्यासाठी गेलात तर ‘नायब तहसीलदार’ अशी पाटी दिसते, तो हाच नायब. गंमत म्हणजे ‘लेफ्टनंट’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे: जागा धरणारा.

म्हणजे दोन्ही भाषांत मतलब एकच, मुख्य माणूस नसेल तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा. पण त्या जागी त्याला उभं कोण करतं? वरचा अधिकारी, पक्षाचा नेता की सामान्य मतदार? खरा फरक इथे आहे.

आपल्या देशातले नायब कोण नेमतं?

पहिला, *नायब राज्यपाल*. संविधानाच्या कलम २३९ प्रमाणे केंद्रशासित प्रदेशांचा कारभार राष्ट्रपती आपण नेमलेल्या प्रशासकामार्फत चालवतात. दिल्ली, जम्मू-काश्मीर, लडाख, पुदुच्चेरी आणि अंदमान-निकोबार इथे या प्रशासकाला नायब राज्यपाल म्हणतात. राष्ट्रपती नेमतात म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार नेमतं. दिल्लीच्या एकाही मतदाराने नायब राज्यपालाला मत दिलेलं नसतं. म्हणूनच लोकांनी निवडलेलं सरकार आणि केंद्राने नेमलेला नायब राज्यपाल यांच्यात दिल्लीत वर्षानुवर्षं ओढाताण चालली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

आपल्या शेजारच्या गोव्यातही एकेकाळी नायब राज्यपाल होते. ३० मे १९८७ ला गोवा पूर्ण राज्य झालं आणि मग तिथे राज्यपाल आले. महाराष्ट्र पहिल्यापासून राज्य आहे, त्यामुळे आपल्याकडे राज्यपाल असतात. पण त्यांनाही आपण निवडत नाही. कलम १५५ प्रमाणे त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात.

दुसरा, *उपमुख्यमंत्री*. महाराष्ट्रात हे पद आता इतकं सवयीचं झालंय की ते संविधानातच असेल असं वाटतं. ते तिथे नाही. कलम १६३ आणि १६४ मध्ये मुख्यमंत्री आहेत, मंत्रिमंडळ आहे, पण ‘उपमुख्यमंत्री’ हा शब्द नाही. आपल्याकडे १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. दोन पक्षांनी मिळून केलेलं ते सरकार होतं आणि या पदाचा मुख्य उपयोग तेव्हापासून आजपर्यंत तोच राहिला, भागीदार पक्षाला मान देणं. ५ डिसेंबर २०२४ ला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले, तेव्हा एकनाथ शिंदे आणि अजित पवार अशा दोघांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. या पदाविरुद्ध एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. १२ फेब्रुवारी २०२४ ला कोर्टाने ती फेटाळली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की, उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच आहे, या नावामुळे संविधानाचा भंग होत नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. मुख्यमंत्र्यांची खुर्ची रिकामी झाली तर उपमुख्यमंत्री आपोआप मुख्यमंत्री होत नाहीत. बहुमताच्या पक्षाला किंवा आघाडीला पुन्हा नेता निवडावा लागतो. नाव ‘उप’ असलं तरी वारसाहक्क नाही.

तिसरा, *उपराष्ट्रपती*. गझाला हाशमींच्या पदाशी सगळ्यात जास्त जुळणारं आपलं पद हेच, फक्त ते देशपातळीवरचं आहे. उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात आणि राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर त्यांच्या जागी काम पाहतात. आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन ९ सप्टेंबर २०२५ ला उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले. पण मत कुणी दिलं? लोकसभा आणि राज्यसभेच्या खासदारांनी. आपण नाही.

ही ‘नायबी’ नुसती नावाची नसते. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचा पदावर असतानाच इंतकाल झाला. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांच्या जागी आले. पुढे गिरींनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला राजीनामा दिला. मग देशाचा कारभार कोण बघणार? तेव्हा सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून काम पाहिलं. हिदायतुल्लासाहेब आपल्या नागपूरच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिले होते. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपतीही झाले. दुसऱ्या नंबरचा माणूस कोण आहे हे आधीच बघून ठेवायला हवं, ते अशा दिवसासाठी.

व्हर्जिनियात काय वेगळं आहे?

व्हर्जिनिया हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं राज्य. राजधानी वॉशिंग्टन त्याच्या अगदी शेजारी. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे ८६ लाख होती, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. पण मुंबईचा महापौर आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात. तिथे मात्र राज्याचे तीन मोठे पदाधिकारी राज्यातले सगळे मतदार मिळून निवडतात: गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी.

त्यातही या तिघांसाठी तीन वेगळी मतं द्यायची असतात. गव्हर्नरला एका पक्षाचं आणि लेफ्टनंट गव्हर्नरला दुसऱ्या पक्षाचं मत देता येतं, आणि लोक देतातही. २००५ मध्ये गव्हर्नर डेमोक्रॅट पक्षाचे टिम केन झाले आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे बिल बोलिंग. अमेरिकेतल्या सगळ्याच राज्यांत असं नसतं. शेजारच्याच मेरीलँडमध्ये दोघांची जोडी एकत्र उभी राहते आणि मतदार जोडीला मिळून एक मत देतो. तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नर अरुणा मिलर २०२२ मध्ये अशाच जोडीने निवडून आल्या. त्यांचाही जन्म हैदराबादचाच. म्हणजे शेजारशेजारच्या दोन राज्यांत दोन हैदराबादी लेकी एकाच पदावर, पण निवडून यायचा रस्ता वेगळा.

२०२५ मध्ये व्हर्जिनियात तिन्ही जागा डेमोक्रॅट पक्षाने जिंकल्या. अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर त्या राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या, आणि जे जोन्स अ‍ॅटर्नी जनरल.

या पदाचं काम काय?

दोन मुख्य कामं आहेत.

एक म्हणजे राज्याच्या सिनेटचं अध्यक्षपद. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत, १०० सदस्यांचं प्रतिनिधीगृह आणि ४० सदस्यांचं सिनेट. आपल्याकडे विधानसभा आणि विधान परिषद आहे तसंच. लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटचं कामकाज चालवतात. एरवी त्यांना मत नसतं, पण दोन्ही बाजूंना समान मतं पडली तर काही विषय सोडून निर्णायक मत त्यांचं. आपल्या संविधानाच्या कलम १८९ मध्येही विधानसभेच्या अध्यक्षांना असंच ठेवलंय: पहिल्या फेरीत मत नाही, बरोबरी झाली तर त्यांचं मत.

आता ४० हा सम आकडा आहे. २०–२० अशी बरोबरी सहज होऊ शकते, आणि झालेलीही आहे. २०११ च्या निवडणुकीनंतर सिनेट बरोबर अर्ध्यावर वाटलं गेलं. लेफ्टनंट गव्हर्नर बोलिंग रिपब्लिकन होते, म्हणून सभागृहाचा ताबा त्या पक्षाकडे गेला. जानेवारी २०१४ मध्ये पुन्हा २०–२० झालं. या वेळी लेफ्टनंट गव्हर्नर राल्फ नॉर्थम डेमोक्रॅट होते, आणि ताबा डेमोक्रॅटांकडे आला. सदस्यसंख्या तीच, फक्त अध्यक्षांच्या खुर्चीवरचा माणूस बदलला. आज तिथे डेमोक्रॅट २१ आणि रिपब्लिकन १९ आहेत. एक सदस्य इकडचा तिकडे झाला की हाशमींच्या मताला किती वजन येईल, याचा हिशोब आपणच करा.

दुसरं काम म्हणजे वारस असणं. गव्हर्नरचं पद मध्येच रिकामं झालं तर लेफ्टनंट गव्हर्नर गव्हर्नर होतो. इथे पक्षाची बैठक नाही, आमदारांची पळवापळवी नाही, हॉटेलं नाहीत. कायद्यात लिहिलंय, तेच होतं.

याशिवाय व्हर्जिनियात आणखी एक खास नियम आहे. तिथला गव्हर्नर लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवू शकत नाही. चार वर्षं झाली की उतरायचं. त्यामुळे लेफ्टनंट गव्हर्नरचं पद हे पुढच्या गव्हर्नरपदाची पायरी मानली जाते. डग्लस वाइल्डर १९८५ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि १९८९ मध्ये गव्हर्नर निवडले गेले. अमेरिकेत निवडणूक जिंकून गव्हर्नर झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. पण पायरी म्हणजे हमी नव्हे. आधीच्या लेफ्टनंट गव्हर्नर विन्सम अर्ल-सीअर्स २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या.

एक गोष्ट फॉरवर्डमध्ये येत नाही. हे पद अर्धवेळ मानलं जातं. सिनेटचं अधिवेशन वर्षातून साधारण दोन महिने चालतं, मोठा सरकारी लवाजमा नसतो. म्हणजे ‘राज्य हाती आलं’ असं समजायचं कारण नाही. मान मोठा आहे, रोजचा अधिकार मर्यादित आहे, आणि अटीतटीच्या वेळी वजन फार आहे. तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

गझाला हाशमी इथपर्यंत कशा पोचल्या?

जन्म १९६४, हैदराबाद. चार वर्षांच्या असताना आई आणि भावासोबत त्या अमेरिकेत जॉर्जिया राज्यात गेल्या. वडील तिथे आधीच होते, पुढे विद्यापीठात शिकवत होते. म्हणजे घरात तालीम होती. गझालाबाईंनी अमेरिकन साहित्यात पीएचडी केली, १९९१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ संसार थाटला, आणि जवळपास तीस वर्षं कॉलेजात शिकवण्याचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं कम्युनिटी कॉलेजात. हे कॉलेज म्हणजे फी कमी, नोकरी करत शिकणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलं येतात ते ठिकाण.

राजकारणात त्या उशिरा आल्या. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी काही मुस्लिम देशांच्या नागरिकांवर प्रवासबंदी घातली. या देशात आपली जागा आहे का, असा प्रश्न तेव्हा तिथल्या अनेक मुस्लिम घरांत उभा राहिला. हाशमींनी त्याचं उत्तर निवडणुकीला उभं राहून दिलं. २०१९ मध्ये पहिल्यांदाच उभ्या राहिल्या आणि विद्यमान सिनेटरला हरवून राज्याच्या सिनेटमध्ये गेलेल्या पहिल्या मुस्लिम ठरल्या. २०२३ मध्ये पुन्हा निवडून आल्या. नंतर शिक्षण आणि आरोग्य समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

२०२५ ची वाट तर आणखी अवघड होती. आधी जून महिन्यात पक्षातल्या पक्षातच निवडणूक झाली. उमेदवार सहा. रिचमंडचे माजी महापौर लेव्हार स्टोनी यांच्यासारखे तगडे लोक समोर. हाशमींना २८ टक्क्यांपेक्षाही थोडी कमीच मतं पडली, आणि दुसऱ्या नंबरवरचा उमेदवार एका टक्क्याच्या आत होता. तेवढ्या फरकाने तिकीट मिळालं. तिकीट मिळाल्यावर नोव्हेंबरात मात्र दहा टक्क्यांहून जास्त फरकाने जीत.

यात आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? व्हर्जिनियात मुस्लिम मतदार अगदी थोडे आहेत. फक्त ‘आपल्या’ मतांवर कुणीही तिथे राज्यभराची निवडणूक जिंकू शकत नाही. शेतकरी, खाणकामगार, नौदलात काम करणारी कुटुंबं, शाळेतल्या शिक्षिका, चर्चला जाणारे, मंदिरात जाणारे, या सगळ्यांचं मत मिळवावं लागतं. हाशमींनी आपलं नाव बदललं नाही, ओळख लपवली नाही. पण मतं मागितली ती शाळा, दवाखाने, घरभाडं आणि नोकऱ्यांवर. त्याच दिवशी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेले झोहरान ममदानी यांचंही तेच. त्यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म मुंबईचा. पण न्यूयॉर्ककरांनी त्यांना निवडलं ते घरभाड्याच्या आणि बसच्या प्रश्नावर.

आपल्या जिल्ह्यात हे काही नवीन नाही. बॅरिस्टर ए. आर. अंतुले म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या मागे उभे राहिलेले सगळे मतदार काही मुस्लिम नव्हते. कोकणातल्या सगळ्या जातीजमातींनी त्यांना आपला माणूस मानलं.

मग आपल्याकडे थेट निवडणूक कुठे होते?

संपूर्ण राज्याने मिळून एकाच माणसाला निवडायचं, असं पद महाराष्ट्रात एकही नाही. आपण आमदार निवडतो, आमदार नेता निवडतात. पण ‘मुख्य माणूस थेट लोकांनी निवडायचा’ ही पद्धत आपल्या दारात आहे, ग्रामपंचायतीत.

करंजाडेत इमारती कितीही उंच झाल्या, सिडकोचे सेक्टर पडले, तरी आपलं गाव पनवेल महानगरपालिकेत नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली तेव्हा त्यात घेतलेल्या २९ गावांत करंजाडे नव्हतं. आपल्याकडे ग्रामपंचायत आहे. नव्याने राहायला आलेल्या बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. पाणी, दिवाबत्ती, कचरा या विषयांवर ते ‘नगरसेवक कोण?’ असं विचारतात. इथे नगरसेवक नाही, सरपंच आणि सदस्य आहेत.

सरपंच कोणी निवडायचा, यावरून मात्र राज्यात बरीच फिरवाफिरवी झाली. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द करून पुन्हा सदस्यांतून सरपंच ठरला, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली. आज आपण सरपंचाला एक मत देतो आणि प्रभागातल्या सदस्यांना वेगळी मतं देतो. व्हर्जिनियासारखंच, एकाच दिवशी वेगवेगळ्या पदांना वेगवेगळी मतं. उपसरपंच मात्र आपण निवडत नाही. आपण निवडलेले लोकच बैठकीत मत देऊन त्याला ठरवतात. म्हणजे गावातला नायब कोण होणार, हे आपण कुठले सदस्य पाठवले यावर अवलंबून.

नगरपरिषदांतही नगराध्यक्ष आता थेट निवडले जातात. २ डिसेंबर २०२५ ला आपल्या रायगडात उरण, कर्जत, खोपोली, माथेरान, पेण, अलिबाग, मुरुड, रोहा, महाड आणि श्रीवर्धन या दहा नगरपरिषदांसाठी मतदान ठरलं होतं. आपल्या करंजाडेत राहणाऱ्या कितीतरी घरांचं गाव यातल्याच एखाद्या शहराजवळ आहे.

आणि इथे खरी अडचण आहे

आपल्या सोसायट्यांमध्ये कुर्ला, गोवंडी, मुंब्रा इथून आलेली कुटुंबं आहेत, तशी महाड, म्हसळा, श्रीवर्धनकडची आहेत. फ्लॅट करंजाडेत, आधार कार्ड कुर्ल्याचं, मतदार यादीतलं नाव गावच्या घरावर. सून लग्न होऊन आली, तिचं नाव अजून माहेरच्या यादीत. मुलगा अठराचा होऊन दोन वर्षं झाली, नाव कुठेच नाही. मतदानाच्या दिवशी मग कुणी गावी जात नाही आणि इथे नाव नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, मावळ लोकसभा, या सगळ्या निवडणुकांत आपण बाहेरून टाळ्या वाजवणारे.

दूरच्या व्हर्जिनियातल्या निवडणुकीवर पन्नास मेसेज आणि स्वतःच्या गावाच्या यादीत नाव नाही, हे काही शोभत नाही.

काय करायचं ते सरळ सांगते.

• आधी नाव शोधा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाका. जमत नसेल तर १९५० या नंबरवर फोन करा. नाव कुठल्या मतदारसंघात, कुठल्या यादी भागात आहे ते लिहून ठेवा.

• घर बदललं असेल तर नमुना ८. जुन्या ठिकाणचं नाव नव्या पत्त्यावर आणण्यासाठी हाच अर्ज आहे. नवीन नमुना ६ भरून दुसरीकडे दुसरं नाव लावू नका. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्याला मंजूर नाही, आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘गावीही राहू दे, इथेही असू दे’ हा हिशोब अंगाशी येतो.

• पहिल्यांदा नाव लावायचं असेल तर नमुना ६. वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. या तारखेला अठरा पूर्ण झाली की हक मिळतो.

• नावाचं स्पेलिंग नीट करा. हा खास आपला आजार. शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहम्मद’चं नुसतं ‘मो.’, यादीत ‘महमद’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव तीन प्रकारचं होतं. ही दुरुस्तीही नमुना ८ नेच होते. निवडणुकीच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ता करा.

एक गोष्ट साफ सांगायला हवी. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. त्यामुळे त्यानंतर भरलेल्या अर्जाने त्या निवडणुकांत मत मिळणार नव्हतं. तरीही अर्ज आजच भरायचा, कारण पुढच्या प्रत्येक निवडणुकीची यादी यातूनच बनणार.

शिवाय आयोगाने मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू केली आहे. बिहारमध्ये ती झाली. मग २०२५ मध्येच गोवा, गुजरात, केरळ, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल यांच्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता, पण आयोगाचा मूळ आदेश सगळ्या देशासाठी आहे. या तपासणीत जुन्या यादीशी धागा जुळवून पाहतात, स्वतःचं नाव किंवा आई-वडिलांचं. म्हणून अम्मी-अब्बूंचं नाव पूर्वी कुठल्या गावात, कुठल्या मतदारसंघात होतं, हे घरातली बुजुर्ग मंडळी सांगू शकतात तोवर विचारून घ्या. घाबरायचं कारण नाही, कागद मात्र एका पिशवीत नीट ठेवा.

मुलींसाठी दोन शब्द

गझाला हाशमींनी पहिली निवडणूक लढवली तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं. आधी शिक्षण, मग नोकरी, संसार, मुलींचं संगोपन, आणि मग राजकारण. त्यांच्या हाती पैसा किंवा घराण्याचं नाव नव्हतं. वर्गात उभं राहून तीस वर्षं वेगवेगळ्या घरांतल्या मुलांशी बोलायची सवय होती. आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. बऱ्याचदा त्या जागेवर निवडून येते बाई आणि कारभार बघतो तिचा शौहर. नायब व्हायचं ते तिने, इथे उलटंच होतं. घरातली मुलगी चांगली बोलते, हिशोब जाणते, चार बायकांची अडचण सोडवते, तर तिला ग्रामसभेला घेऊन जा. नुसतं बसवून आणू नका, एक प्रश्न तिला विचारू द्या. पाण्याचा विचारला तरी चालेल.

ग्रामसभेत बोलायला पदवी लागत नाही. ज्याचं नाव गावाच्या मतदार यादीत आहे, तो किंवा ती ग्रामसभेचा सदस्य. म्हणजे तिथेही पहिली अट यादीतलं नावच. या रविवारी घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं समोर घ्या आणि एकेक नाव तपासा. अर्धा तास लागेल.